रानडुक्कर, ठासणीची बंदूक आणि फासेपारधी

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात, पुणे–सोलापूर महामार्गावर मोडनिंब हे गाव आहे. या टापूतून पिकांच्या दिवसांत प्रवास करणाऱ्याला एक दृश्य अनेकदा दिसते. मक्याच्या किंवा ज्वारीच्या शेताभोवती काठ्या रोवलेल्या असतात आणि काठीपासून काठीपर्यंत जुन्या रंगीबेरंगी साड्या ताणून बांधलेल्या असतात. परक्या माणसाला वाटावे, येथे एखादा समारंभ आहे. प्रत्यक्षात ते रानडुकराला अडवण्यासाठी घातलेले कुंपण असते.

आजचा धागा या कुंपणाविषयी आहे. ज्या देशात दोन हजार वर्षांपूर्वी राज्यसंस्था श्वापदांच्या बंदोबस्तासाठी माग काढणारे पदरी ठेवत होती, त्या देशातल्या शेतकऱ्याच्या हाती आज जुन्या साडीखेरीज फारसे काही उरले नाही, हे कसे घडले? उत्तर डुकराच्या स्वभावात थोडे आहे. बाकीचे सगळे कायद्याच्या इतिहासात आहे.

प्रथम प्राण्याविषयी थोडेसे. रानडुक्कर हे या भूमीचेच आहे, कोणी बाहेरून आणलेले नाही. दृष्टी मंद, घ्राणेंद्रिय अतितीक्ष्ण. कंद, धान्य, किडे, सरडे, मेलेले जनावर, काहीही त्याला वर्ज्य नाही. मादी सुमारे पावणेचार महिने गाभण राहते आणि एका वेतात चार-सहा पिल्ले देते. माद्या आणि पिल्ले कळपाने राहतात. पूर्ण वाढलेला नर बहुधा एकटा हिंडतो. तो खाण्यापेक्षा नासधूस अधिक करतो. भुईमुगाचे शेत रात्रीत नांगरल्यासारखे उकरून ठेवतो आणि मक्याचे ताट एका कणसासाठी मुळासकट आडवे करतो. मराठीत ‘मुसंडी मारणे’ हा शब्दप्रयोग आपण निवडणुकीच्या बातमीतही सहज वापरतो. ज्याने डुकराची मुसंडी एकदा पाहिली आहे, तो हा शब्द इतक्या सहजतेने वापरणार नाही.

आता मागे जाऊ. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘विवीताध्यक्ष’ नावाचा अधिकारी येतो. विवीत म्हणजे गायरान, चराईचे रान. या प्रकरणात लुब्धक आणि श्वगणी, म्हणजे पारधी आणि कुत्री बाळगणारे शिकारी, यांनी रानांतून फिरत राहावे असे सांगितले आहे. चोर किंवा शत्रू येताना दिसला तर झाडावर किंवा डोंगरावर चढून, स्वतः न दिसता, शंख अथवा नगारा वाजवून त्यांनी इशारा द्यावा, असेही तेथे म्हटले आहे. हे लोक राज्याचे डोळे होते. रान ओळखणारा माणूस हा संशयित नव्हे, तर उपयोगी माणूस होय, ही समजूत त्यामागे स्पष्ट दिसते. पुढे काय झाले ते समजण्यासाठी ही समजूत ध्यानात ठेवावी.

मोडनिंबचा परिसर मध्ययुगात कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात मोडत होता. चालुक्यांचे राजचिन्ह वराह. सोन्याच्या नाण्याला ‘वराह’ हे नाव पुढे कित्येक शतके टिकले. याच घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकातला संस्कृत ग्रंथ आहे. त्यात राजाच्या मृगयेचे प्रकार आहेत आणि अन्नाच्या प्रकरणात डुकराचे मांस शिजवण्याची रीतही आहे. कातडीवरचे केस उकळत्या पाण्याने किंवा गवताच्या जाळाने कसे काढावेत, इतका तपशील तेथे मिळतो. ज्या प्राण्याच्या रूपात विष्णूने पृथ्वी वर उचलली त्याची मुद्रा ध्वजावर, आणि तोच प्राणी ताटात. यात कोणाला विसंगती वाटत नसे. पुढेही दख्खनमध्ये गावडुक्कर निषिद्ध मानणाऱ्या कित्येक घरांत रानडुकराची शिकार मात्र चालत असे.

राजाची मृगया हा झाला उत्सव. शेतकऱ्याचे काम रोजचे होते. त्याची साधने साधी: शेतातला माळा, हातातली गोफण, डफ किंवा डबा, शेकोटी आणि रात्रभराची जागल. परंतु केवळ जागल करून डुक्कर हटत नाही. आज या शेतातून हाकलले की ते शेजारच्या शेतात शिरते. कळप उठवायचा तर माणसे, कुत्री, जाळी आणि अनुभव लागतो. तो अनुभव ज्यांच्याकडे होता, त्यांत फासेपारधी अग्रगण्य होते.

फासेपाऱध्यांचे नाव त्यांच्या साधनावरून पडले. जनावराच्या आतड्याची तात किंवा चिवट दोर वळून केलेले फासे एका लांब दोरीवर ओळीने बांधायचे, दोरी खुंट्यांनी जमिनीशी पक्की करायची आणि जनावराच्या नेहमीच्या वाटेवर ती पसरायची, ही मूळ पद्धत. हरीण, ससा, तितर, लावा यांसाठी वेगवेगळ्या मापाचे फासे असत. शिकवलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आडोशाने पाखरांच्या जवळ जाण्याची त्यांची युक्ती ब्रिटिश काळच्या जातिवर्णनांतही नोंदलेली आहे. जाळ्याला संस्कृतात वागुरा म्हणतात, मराठीत वाघूर. ‘वाघरी’ हे जातिनाम त्यावरूनच आल्याचे मानले जाते. म्हणजे माणसाची ओळख त्याच्या दोरीवरून ठरली.

रानडुकराला मात्र साधा फास पुरत नाही. त्याचे डोके पुढे निमुळते आणि मान जाड. गळ्यात पडलेला फास निसटण्याचा संभव मोठा, आणि अडकलेच तर ते दोर तोडून उलट अंगावर येणार. म्हणून डुकरासाठी जाड दोरांची वाघूर, कुत्री आणि भाले अशी सिद्धता लागे. ओढ्याच्या किंवा ओघळीच्या अरुंद तोंडाशी वाघूर लावायची, दुसऱ्या अंगाने हाकारे घालून रान उठवायचे आणि कळप त्या तोंडाकडे वळवायचा.

खरी विद्या मात्र हाकाऱ्याच्या आधीची, म्हणजे माग काढण्याची. इथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. डुकराचा खूर शेळी-मेंढीसारखाच दुभंगलेला असतो. पण ओल्या जमिनीत त्याच्या मागच्या दोन लहान खुरांचे ठसेही बाजूला उमटतात. ठशाच्या कडा धारदार असतील तर माग ताजा. कडा ढासळल्या असतील, त्यावरून किड्यामुंग्यांच्या रेषा गेल्या असतील तर शिळा. दव पडल्यावर चाललेल्या जनावराचा माग आणि दवापूर्वीचा माग वेगळा दिसतो. डुक्कर चिखलात लोळून आले की बाभळीच्या बुंध्याला अंग घासते. तो चिखल जमिनीपासून किती उंचीवर लागला आहे यावरून जनावराची उंची कळते. सालीत अडकलेले राठ केस आणि सुळ्याचे ओरखडे असतील तर नर. उकरलेली माती ओली की सुकलेली, यावरून ते रात्रीच्या कोणत्या प्रहरी आले याचा अंदाज बांधता येतो. या सगळ्यानंतर वारा पाहायचा. वारा माणसाकडून जनावराकडे वाहत असेल, तर तो दिवस सोडून द्यायचा. हे ज्ञान कोणत्याही पोथीत नव्हते. ते लहानपणी बापाच्या मागे चालून शिकायचे असे.

एकोणिसाव्या शतकात या रानात नवा शिकारी आला. कंपनी सरकारच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना घोड्यावरून भाल्याने रानडुक्कर मारण्याचे वेड होते. पुण्यात रेसिडेंट आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन या खेळाचे शौकीन होते. खानदेशात भिल्ल पलटण उभी करणारा जेम्स आउट्रम तर त्यात नामांकित होता. बंगालकडे आखूड भाला वरून मारीत, मुंबईकडे लांब भाला खालून धरीत, असे त्याचे पंथही होते. ज्याच्या भाल्याला प्रथम रक्त लागेल त्याची ती शिकार. मुंबई सैन्यातील कॅप्टन न्यूऑल याने १८६७ मध्ये या विषयावर एक जाड ग्रंथच प्रसिद्ध केला.

या खेळाचा एक संकेत महत्त्वाचा आहे. जेथे घोडा दौडू शकतो तेथे डुकरावर गोळी झाडणे हे या मंडळींच्या दृष्टीने घोर पाप होते. इंग्लंडमध्ये सभ्य गृहस्थाने कोल्ह्याला गोळी घालू नये, तसेच हे. परिणामी कुणब्याच्या दृष्टीने पिकाचा शत्रू असलेला प्राणी साहेबाच्या दृष्टीने राखून ठेवण्याचा खेळगडी ठरला. पुढे १९१२ चा वन्य पशुपक्षी संरक्षण कायदा झाला तेव्हा त्याच्या यादीत हरणे, ससे, गवे, गेंडे आले, डुक्कर आले नाही. कायद्याने त्याला अभय दिलेले नव्हते. साहेबाच्या रिवाजाने मात्र दिले होते, आणि खेड्यात रिवाज पुष्कळदा कायद्याहून जड असतो.

आता सन १८७८ पाहा. या एकाच वर्षी दोन कायदे आले. एक भारतीय वन कायदा आणि दुसरा भारतीय शस्त्र कायदा. नुकताच, १८७६ ते १८७८ या काळात, दख्खनने भीषण दुष्काळ सोसला होता आणि सोलापूर जिल्हा त्यात होरपळून निघाला होता. वन कायद्याने राखीव रानाची हद्द आखली. शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरवला. एकाने रान शेतकऱ्याच्या हातून गेले, दुसऱ्याने बंदूक. रानातून येणारे डुक्कर मात्र होते तसेच राहिले.

ही गोष्ट ज्याने त्या काळी नेमकी पकडली तो माणूस म्हणजे महात्मा जोतीराव फुले. ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केला. कर्ज, सावकार, भटशाही, पाटबंधारे यांविषयीची त्यातली मांडणी आपण अभ्यासक्रमात वाचतो; त्यातील रानडुकराविषयीची मागणी सहसा कोणी सांगत नाही. जोतीरावांचा युक्तिवाद असा आहे: शेतकऱ्याजवळ साधी गावठी बंदूकही सरकारने राहू दिली नाही, त्यामुळे रानडुकरापासून पीक राखणे त्याला अशक्य झाले. तेव्हा सरकारने स्वतःच्या पोलिसांकडून पिकाचे रक्षण करून द्यावे; ते जमत नसेल तर झालेले नुकसान पोलीस अधिकाऱ्यांच्या पगारातून अथवा सरकारी खजिन्यातून भरून द्यावे, आणि तसा कायदाच करावा.

मला हा युक्तिवाद विलक्षण आधुनिक वाटतो. जोतीराव डुकराला शिव्या देत नाहीत. ते जबाबदारीचा हिशेब मांडतात. स्वसंरक्षणाचे साधन ज्याने काढून घेतले, त्याने संरक्षण तरी करावे किंवा भरपाई तरी द्यावी. पुढच्या काळात या प्रश्नावर जे जे बोलले गेले, त्यात याहून स्वच्छ वाक्य क्वचितच सापडेल. हा ग्रंथ त्यांच्या हयातीत समग्र छापला गेला नाही. ‘दीनबंधु’त पहिली दोन प्रकरणे आली आणि नारायण मेघाजी लोखंडे यांनी पुढचा भाग छापणे थांबवले, म्हणून जोतीराव त्यांच्यावर रागावले. हा प्रसंग स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

शेतकऱ्याची बंदूक गेली. पारध्याचे काय झाले?

त्याआधी एक छोटे वळण. १८८९ मध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल या लष्करी अधिकाऱ्याने भाल्याच्या डुक्करशिकारीवर पुस्तक लिहिले. १८८३ मध्ये त्याने मीरतजवळ भरणारी या खेळातील सर्वांत मानाची ‘कादिर कप’ स्पर्धा जिंकली होती. डुकराचा माग काढणे, खुणा वाचणे, वाऱ्याचा अंदाज घेणे हे सैनिकासाठी उत्तम शिक्षण आहे, असे त्याचे मत होते. याच माणसाने १९०८ मध्ये ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ प्रसिद्ध केले आणि बालवीर चळवळ जगभर पसरली. तुमच्यापैकी ज्यांनी शाळेत स्काउटचा गणवेश घातला असेल, त्यांनी माग काढण्याचे खेळ खेळले असतीलच.

१९०८ नंतर तीनच वर्षांनी, १९११ मध्ये, गुन्हेगार जमाती कायद्याची नवी आवृत्ती आली. १८७१ चा मूळ कायदा प्रारंभी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. पारधी, भामटा, कैकाडी, मांग-गारुडी आणि ज्यांच्या नावातच शिकार आहे असे हरणशिकारी, अशा अनेक जमाती जन्मतः गुन्हेगार म्हणून नोंदल्या गेल्या. पोलीस पाटलापुढे हजेरी द्यायची. पासाशिवाय गाव सोडायचे नाही. मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारगृहात ठेवण्याचा अधिकारही सरकारने स्वतःकडे घेतला. ज्या कौशल्यासाठी साहेबाच्या मुलाला बिल्ला मिळत होता, तेच अंगी असलेल्या पारध्याच्या मुलाला ठाण्याच्या वहीत जागा मिळाली. रात्री रानात फिरणारा, ठसे ओळखणारा, आवाज न करता वावरणारा माणूस वसाहती पोलिसांच्या नजरेत दुसरे कोण असणार?

सोलापूर या इतिहासाचे मोठे केंद्र आहे. शहरातील कापड गिरण्यांना मजूर हवे होते आणि सरकारला या जमाती एका जागी डांबायच्या होत्या. दोन्ही गरजा तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतीने भागल्या. सनदी अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट हे मुंबई इलाख्यातील या वसाहतींच्या योजनेचे प्रमुख होते. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनही त्या कामात होते. स्टार्ट यांचा हेतू त्यांच्या परीने सुधारणेचा होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या माळरानावर हिंडणारा माणूस गिरणीच्या भोंग्याला बांधला गेला आणि बापामागे चालून शिकण्याची शाळा बंद पडली. सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे वस्तीचे नाव आजही चालू आहे.

याला एक अपवाद नोंदवला पाहिजे. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज स्वतः कसलेले शिकारी. चित्त्यांकरवी हरणांची शिकार आणि घोड्यावरून भाल्याने डुकराची शिकार हे दोन्ही त्यांचे आवडते खेळ. रानात माग काढणाऱ्यांची किंमत त्यांना पुस्तकातून कळलेली नव्हती. त्यांनी फासेपारध्यांना संस्थानात आश्रय दिला, पहाऱ्यासारख्या विश्वासाच्या कामांवर नेमले आणि १९१८ मध्ये आपल्या संस्थानातील हजेरीची पद्धत बंद केली. ज्या काळात ब्रिटिश मुलखात पारध्यावर पहारा होता, त्या काळात कोल्हापुरात पारधी पहारा देत होता.

स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांताने १९४९ मध्ये आणि संपूर्ण देशाने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द केला. तारा निघाल्या, तरी संशय गेला नाही. १९५९ च्या सराईत गुन्हेगार कायद्याने नजर कायम ठेवली. त्याच १९५९ साली नवा शस्त्र अधिनियम आला. त्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची खास तरतूद आहे. ठासणीची बंदूक म्हणजे तोंडाकडून दारू आणि छर्रे ठासून भरायची, एका बारानंतर पुन्हा सगळा खटाटोप करायचा. मुसंडी मारत येणाऱ्या नरापुढे दुसरा बार भरायला वेळ मिळत नाही. शिवाय निवडणूक लागली की परवान्याची हत्यारे ठाण्यात जमा करण्याची पद्धत आहे. डुकरांना आचारसंहिता लागू नसते.

१९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियम आला. त्याची गरज निर्विवाद होती. माळढोक आणि वाघ संपत चालले होते. रानडुकराला त्यात तिसऱ्या अनुसूचीत स्थान मिळाले. पिकाला किंवा जीवाला धोका असेल तर अधिकारी लेखी परवानगी देऊन जनावर मारू देऊ शकतो, ही वाट कलम ११ ने उघडी ठेवली. पारध्यासाठी मात्र अर्थ एकच होता. पूर्वी तो पारधी म्हणून गुन्हेगार होता, आता पारध करतो म्हणून.

याच सुमारास मोडनिंबच्या आसपासची भूमीच बदलत होती, आणि डुकराच्या दृष्टीने ही सर्वांत मोठी घटना होय. माढा तालुका सीना आणि भीमा या नद्यांमधला. पाऊस बेभरवशाचा, काळ्या रानात शाळू, करडई, हरभरा. वर खडकाळ माळ. डुकराला लपायला ओढ्याकाठची बाभूळबने आणि नदीकाठची झुडपे एवढाच आसरा होता. उन्हाळ्यात पाण्यासाठी त्याला उघड्यावर यावेच लागे आणि तेथे त्याची गाठ लांडग्याशी किंवा पारध्याशी पडे.

भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. कालवे, उपसा योजना, विहिरींना आलेले पाणी यांमुळे तालुक्यात ऊस पसरला आणि साखर कारखाने आले. ऊस हे डुकराच्या दृष्टीने पीक नव्हे, ते घर आहे. आडसाली ऊस जवळजवळ दीड वर्ष उभा असतो. आत गारवा, सावली, पाटाचा चिखल, खायला गोड कांडे. माणूस आत शिरू शकत नाही. कुत्रे शिरले तरी दिसत नाही. जुन्या ओघळीच्या तोंडाशी वाघूर लावता येत असे. शंभर एकर सलग उसाला तोंड कोणते म्हणायचे? पडीक जागी वेडी बाभूळ माजली, ती निराळीच. तोड सुरू झाली की कळप एका फडातून दुसऱ्या फडात आणि वाटेतल्या मक्यात, भुईमुगात उतरतात. शिकारी गेला होता, शत्रू लांडगा विरळ झाला होता आणि अन्नपाण्याची सोय सरकारी खर्चाने झाली होती. संख्या वाढली नसती तरच नवल.

मग उपाय सुरू झाले. साडी हा त्यातला सर्वांत सौम्य. हलणारे कापड आणि माणसाचा वास यांनी जनावर काही दिवस बिचकते, नंतर सरावते. न्हाव्याकडून आणलेले केस बांधावर टाकतात. ध्वनिक्षेपकावर कुत्र्यांचे भुंकणे लावून ठेवतात. प्लास्टिकच्या नळीत कार्बाइड टाकून आवाजाची तोफ उडवतात. ज्याला परवडते तो सौरऊर्जेवरचे झटका यंत्र बसवतो. त्याचा झटका क्षणिक असतो, जीव घेत नाही. आणि ज्याचा संयम संपतो तो तारेत थेट वीज सोडतो. त्या तारेला डुक्कर, वाघ आणि शेजारी यांतला फरक कळत नाही. विदर्भात अशा तारांनी वाघही मेले आहेत आणि माणसेही. कणकेत दडवलेले गावठी बॉम्ब हा त्याहून भयंकर प्रकार. केरळात मे २०२० मध्ये गाभण हत्तीण तोंडात स्फोट होऊन मेली, तेव्हा देश हळहळला. तशी स्फोटके तिकडे रानडुकरांसाठी वापरली जातात.

अमेरिकेत हीच समस्या वेगळ्या वाटेने आली. तेथे डुक्कर मुळात नव्हते. १५३९ मध्ये एर्नांदो दे सोतो याने फ्लोरिडात उतरवलेल्या डुकरांपासून तेथील मोकाट डुकरांची कथा सुरू होते. आज तेथील कृषी खाते त्यांची संख्या साठ लाखांहून अधिक सांगते. टेक्ससमध्ये हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालण्याची मुभा कायद्याने दिली, तरी कळप आटोक्यात आले नाहीत. दोन-चार मेली की उरलेली पांगतात, सावध होतात. म्हणून तेथील कुरणमालक आता वेगळी रीत वापरतात. आधी माग पाहायचा, वाटा ओळखायच्या, कॅमेरा लावून कळपात किती जनावरे आहेत ते मोजायचे. मग मोठे गोल पिंजऱ्यासारखे कुंपण उघडे ठेवून आंबवलेला मका रोज टाकायचा. शेवटचे पिल्लू आत आल्याची खात्री झाली की फोनवरून दार पाडायचे. संपूर्ण कळप एकदम. कॅमेरा आणि फोन काढून टाका. उरते ती माग, वाट, संयम आणि एकाच वेळी सगळा कळप, ही वाघुरीची विद्या.

महाराष्ट्रात आज काय आहे? रानडुकराने पीक खाल्ले तर शासन भरपाई देते. जोतीरावांच्या दोन पर्यायांपैकी दुसरा, शंभराहून अधिक वर्षांनी का होईना, व्यवहारात आला म्हणायचा. अर्थात खजिन्यातून, पगारातून नव्हे. त्यासाठी ठरलेल्या मुदतीत अर्ज करायचा आणि पंचनामा व्हायची वाट पाहायची. पिकाचा नाश करणारे रानडुक्कर आणि रोही मारण्यासाठी परवान्याची पद्धतही २०१५ मध्ये शासनाने सोपी करू पाहिली. केरळने २०२२ मध्ये आणखी पुढे जाऊन परवानगी देण्याचा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांपर्यंत नेला. त्याच वर्षीच्या केंद्रीय दुरुस्तीने रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत गेले.

वन्यजीव अधिनियमाचे कलम ३९ इतिहासाच्या विद्यार्थ्याने अवश्य वाचावे. परवानगीने मारलेले रानडुक्कर ही राज्य शासनाची मालमत्ता ठरते. त्यामुळे ते खाता येत नाही. शासकीय देखरेखीखाली त्याची विल्हेवाट लावावी लागते. मेलेले डुक्कर सरकारचे. जिवंतपणी भुईमूग उकरत असताना ते कोणाचे, हाच जोतीरावांचा प्रश्न होता.

आणि मारणार कोण? २०१६ मध्ये बिहारने मोकामा भागातील रोही मारण्यासाठी थेट हैदराबादहून खासगी नेमबाज आणले होते. माढा, मोहोळ, करमाळा या पट्ट्यात फासेपारध्यांची पालं आजही आहेत. त्यांच्यातील म्हाताऱ्या माणसांना चिखलातला ठसा वाचता येतो. बंदुकीचा परवाना मात्र त्यांच्यापैकी कोणाला सहजी मिळेल, असे त्यांच्या नावावरची जुनी नोंद जाणणारा कोणी म्हणणार नाही.

पुढील धागा मोडनिंबवरून जाणाऱ्या कुर्डुवाडी–पंढरपूर मार्गावर: १९०६ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे आणि अडीच फुटी रुळांवरून चाललेली वारी.